रेडिएशनचं प्लॅनिंग : आईला पहिल्यांदाच घेऊन जातेय, तयारी काय करू?

कातळशिल्प · सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, एरवी मी इथे सोलकढीत लसूण घालायचा की नाही यावर भांडत असते. आज जरा वेगळं विचारायचंय.

आई ६३ वर्षांची, राजापूर तालुक्यात गावीच असते. मी रत्नागिरीला. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, मग केमो, शेवटची तीन आठवड्यांपूर्वी. आता रेडिएशन. आमच्याकडे 'लाईट घ्यायची' म्हणतात. मुंबईच्या हॉस्पिटलने पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख दिलीय. कागदावर लिहिलंय 'सिम्युलेशन, स. १०'. बस्स. खिडकीवर विचारलं तर "प्लॅनिंग आहे, सीटी स्कॅन होईल" म्हणून त्याने पुढचा नंबर पुकारला.

त्याच दिवशी लाईट देतात का? उपाशी न्यायचं का? किती वेळ लागतो, मला आत सोडतील का? कपडे कसले घालू? आणि खरी काळजी म्हणजे तिचा डावा हात. ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जातच नाही. दांडीवर लुगडं टाकायचं तर उजव्या हाताने भिरकावते आणि अर्धं जमिनीवर लोळतं.

शिवाय एक भानगड. आमचं गाव माडबनपासून फार लांब नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटलं होतं तेव्हा आई गावातल्या बायकांबरोबर मोर्चाला गेलेली. आता 'रेडिएशन' हा शब्द ऐकल्यापासून एकच पालुपद : "जे नको नको म्हणून उन्हात बसलो, तेच आता गाडीभाडं खर्चून घ्यायला मुंबईला जाऊ?" काय उत्तर देऊ?

खोत_नसलेला_खोत · सोमवार, रात्री १०:०४

आईंना सांगा, ह्यात भूसंपादन नाही. सातबारा मागत नाहीत, आधार आणि रेशनकार्डावर भागतं.

(चेष्टा बाजूला. काळजी घ्या. जाणकार येतीलच.)

तिरफळ · सोमवार, रात्री १०:४१

कातळताई, दोन वर्षांपूर्वी मी याच टेबलावर होते. माझंही डावंच. मालवणहून जाऊन १५ दिवस लाईट घेतली. त्यामुळे ऐकीव नाही, अंगावरचं सांगते.

त्या दिवशी लाईट देत नाहीत. हे आधी आईंना सांगून टाका, अर्धी भीती तिथेच जाते. तो मापं घेण्याचा दिवस. शिंप्याकडे जातो तसं, फक्त शिंपी तीन-चार जण असतात आणि ते तुमच्याशी कमी, आपसांत जास्त बोलतात.

मला पुढून उघडणारा गाऊन दिला. टेबल कडक, सपाट, फळीसारखं. त्यावर उतरता बोर्ड. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिथल्या आधारांवर ठेवायचे. भिंतींतून आणि छतातून लेसरच्या बारीक रेषा अंगावर पडतात. त्या नुसत्या रेषा, चटका बिटका काही नाही. मग एकाने ऑपरेशनच्या व्रणावरून आणि आजूबाजूला बारीक वायर चिकटवली, सीटीत ती जागा ओळखू यावी म्हणून. मार्करने खुणा केल्या. मला वाटलं मी आता सरळ झोपावं, तर एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही मदत करू नका, आम्ही सरकवतो." हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. आपल्याला सवय असते ना, कुणी हलवायला लागलं की आपणच सरकायची. तिथे पोतं व्हायचं.

मग सगळे बाहेर. "हलू नका, नेहमीसारखा श्वास घ्या," असं स्पीकरवरून. सीटी काही मिनिटांचीच. पण त्याआधीचं जुळवणं धरून मी आत ५० मिनिटं होते आणि त्यातला बराच वेळ हात वर. छताच्या एका चौकटीवर ओलीचा डाग होता, हुबेहूब आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटासारखा वळत गेलेला. मी त्याचे बुरूज मोजत पडले होते.

आता हाताचं. आजपासून सुरू करा. हात वर राहिला नाही तर जुळवणं अवघड होतं. माझ्या शेजारच्या बाईला त्याच कारणाने परत पाठवलं, "दोन आठवडे फिजिओ करून या." भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, खेकडा चढतो तशी. ओढ बसली की थांबायचं, झटका द्यायचा नाही. ऑपरेशनवेळी फिजिओथेरपिस्टने कागद दिला असेल तर तो शोधा.

आणि मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरीच ठेवा. मला तिथे जाऊन काढायला लावलं. रुमालात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं आणि सगळा वेळ डोक्यात तेच, याने खिशात नीट ठेवलं असेल ना.

पोफळी · सोमवार, रात्री १०:५२

वाखूसा (वाचनखूण साठवली). तिरफळताई, किती स्वच्छ लिहिलंय.

पाणंद · सोमवार, रात्री ११:२०

आमची केस वेगळी, बाबांचं प्रोस्टेट. पण कुणाला तरी उपयोग होईल म्हणून आमची फजिती लिहितो.

त्यांना सांगितलं होतं : पोट साफ हवं, मूत्राशय भरलेलं हवं. आम्ही दापोलीहून आदल्या दिवशी निघालो आणि पेणला आत्याकडे मुक्काम केला. आत्याने भाऊ आजारी म्हणून प्रेमाने केलं काय, तर वालाचं बिरडं. बाबांनी दोनदा घेतलं. सकाळी पुढच्या प्रवासात लघवी लागेल म्हणून पाण्याचा थेंब नाही. हॉस्पिटलात लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायला लावलं, पाऊण तास बसवलं. सीटीत बघतात तर मूत्राशय अर्धवट आणि आतडं गॅसने फुगलेलं. टेबलावरून उतरवलं. "आजोबा, फिरून या." मग ६९ वर्षांचे आमचे पिताश्री हॉस्पिटलच्या आवारात फेऱ्या मारतायत, दर फेरीला माझ्याकडे बघून मान हलवतायत, "नाही रे, अजून नाही." दुपारी अडीचला एकदाचं जमलं.

आत्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

खोत_नसलेला_खोत · सोमवार, रात्री ११:२६

वालाच्या बिरड्याला दोष देणाऱ्या प्रतिसादाचा तीव्र निषेध. दोनदा घेणाऱ्याला द्या.

किरणोत्सुक · मंगळवार, सकाळी ७:१५

मी याच कामातला. डॉक्टर नव्हे, मेडिकल फिजिसिस्ट. त्यामुळे आईंच्या केसबद्दल त्यांचे डॉक्टर सांगतील ते शेवटचं. मी फक्त यंत्रामागची बाजू सांगतो.

पाणंद यांचा किस्सा वाचून हसलो, पण त्यातच सगळं आलंय. प्लॅनिंगच्या दिवशी शरीर ज्या अवस्थेत असतं, तोच पुढच्या सगळ्या दिवसांचा साचा. आतड्यात गॅस असला तर प्रोस्टेट काही मिलिमीटर पुढे ढकललं जातं. आम्ही त्या ढकललेल्या जागेवर नेम धरला आणि दुसऱ्या दिवसापासून गॅस नसला तर? म्हणून त्या दिवशी खास काही करून येऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. रोज जमेल तेच करून या. रोज अंबाडा घालणार असाल तर... नको, अंबाडा नकोच, डोक्याखाली उंचवटा होतो. केमोनंतर केस बारीक असतील तर प्रश्नच मिटला.

त्याच दिवशी लाईट का नाही? कारण सीटीचे काप, साधारण अडीच-तीन मिलिमीटरचा एकेक, डॉक्टरांपुढे येतात. प्रत्येक कापावर कुठे किरण हवेत ते डॉक्टर आखतात. हृदय, फुप्फुस वगैरे वाचवायचे अवयवही आखायचे असतात. मग आम्ही किरण कुठल्या कोनातून किती सोडायचे याचं गणित मांडतो, डॉक्टर ते बघून परत पाठवतात, आम्ही परत मांडतो. ठरलं की यंत्रावर तपासून घ्यायचं. यात काही दिवस ते आठवडा जातो. त्या काळात फोन आला नाही म्हणजे विसरले असं नाही. पण आठवडा उलटला तर फोन जरूर करा.

डावी बाजू आहे म्हणून अजून एक. काही ठिकाणी दीर्घ श्वास घेऊन रोखायला लावतात. छाती फुगली की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे, खाली सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाहेर पडतं. एका वेळी साधारण २० सेकंद रोखावा लागतो. सगळीकडे करत नाहीत, सगळ्यांना लागतही नाही. पण घरी सराव केला तर तोटा नाही. खांदे न उचलता, पाठीची कमान न करता, छातीत श्वास भरायचा. चक्कर आली तर सोडायचा.

जैतापूरचं उत्तर : अणुभट्टीत इंधन असतं, ते भट्टी बंद केल्यावरही किरणोत्सारी राहतं. ज्या यंत्रावर बहुधा आईंना देतील, लिनॅक, त्यात किरणोत्सारी पदार्थ ठेवलेलाच नसतो. विजेवर किरण तयार होतात, बटण बंद की किरण बंद.

खोत_नसलेला_खोत · मंगळवार, सकाळी ७:३१

म्हणजे लाईट गेली की लाईट बंद. आमच्याकडे पावसाळ्यात कुणाचाच कोर्स पुरा व्हायचा नाही.

झिला_रे · मंगळवार, सकाळी ९:०२

गे बाय, माज्या आवशीक २५ वर्सांपूर्वी लाईट दिलेली. छातीरची कातडी काळी ठिक्कर पडली, लुगडा लागला तरी रडा. ह्ये यंत्राचे गजाली सगळे बरे, पण भोगणाऱ्याक इचारा. माका वाटता आवशीक आदीच सगळा सांगू नको, घाबरात. न्हेवचा आणि आणूचा.

तिरफळ · मंगळवार, सकाळी ९:४०

झिला_रे दादा, तुमच्या आईने जे सोसलं त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझीही कातडी शेवटच्या आठवड्यात लाल-काळी झाली होती, महिन्या-दीड महिन्यात निवळली. पण न सांगता न्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. बाई ६३ वर्षांची आहे, वासरू नाही. टेबलावर अर्धं अंग उघडं टाकून, हात वर करून, परक्या माणसांसमोर पडायचंय हे तिला तिथे गेल्यावर कळावं? मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्या गाऊनची नाडी सोडली तेव्हा जे वाटलं ते अजून विसरले नाहीये.

तंत्रज्ञ बाई असेल का, हे आधी विचारता येतं. प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही, पण विचारायला लाजू नका.

किरणोत्सुक · मंगळवार, दुपारी १:१०

झिला_रे, त्या काळात तुमच्या आईंना कोबाल्टच्या यंत्रावर दिलं असण्याची शक्यता आहे. कोबाल्टचे किरण कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवरच पूर्ण जोर पकडतात. लिनॅकच्या नेहमीच्या किरणांचा जोर साधारण दीड सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे कातडीला तुलनेने कमी झळ. पण कोबाल्टला नावं ठेवू नका. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचं यंत्र इथेच बनवलंय आणि लिनॅक परवडत नाही अशा ठिकाणी ते काम करतंय. स्तनाच्या रेडिएशनमध्ये कधी कधी कातडीलाही मुद्दाम मात्रा द्यावी लागते, तेव्हा ती काळवंडणारच.

सांगावं की नाही, यात मी तिरफळताईंच्या बाजूने. ज्याला काय होणार ते माहीत असतं, तो टेबलावर कमी ताठरतो. ताठरलेला खांदा पाच मिनिटांनी सैल पडतो आणि आमची सगळी जुळवाजुळव तेवढ्याने सरकते.

झिला_रे · मंगळवार, दुपारी १:४४

बरा. सांगा मगे. पण हळूहळू सांगा.

सुरंगी · मंगळवार, रात्री ८:३०

काकांचं तोंडाचं होतं (तंबाखू, चुना, दुसरं काय). तोंडा-घशाचं कुणी वाचत असेल तर दोन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, दात. प्लॅनिंगच्या आधी दंतवैद्याला दाखवायलाच हवं. किडका दात काढायचा तर रेडिएशन सुरू होण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी काढून जखम भरू द्यायची. नंतर त्या जबड्यात दात काढणं धोक्याचं, हाड भरून येत नाही. आमच्याकडे बायका मशेरी लावतात, त्यांचे दात वरून काळे आणि आतून पोकळ. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही.

दुसरी, मास्क. जाळीची पांढरी प्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात टाकतात, ती मऊ पडली की चेहऱ्यावर ओढून टेबलाला खटाखट अडकवतात. काका म्हणाले, "गरम पोळीसारखी वाटली, मग आवळत गेली." जाळीला भोकं असतात, श्वास घेता येतो, पण डोळ्यांवरून जाते. बंद खोलीत जीव घाबरा होणाऱ्याने आधी सांगावं. आणि दाढी! काका मास्क झाला तेव्हा आठ दिवसांच्या दाढीत होते. लाईट सुरू व्हायच्या दिवशी, चांगलं दिसायला म्हणून गुळगुळीत करून गेले. मास्क गालावर हलायला लागला. तिथल्या माणसाने आम्हाला सगळ्यांसमोर झापलं. पण आधी कुणी सांगितलं होतं का? एकाने तरी? पुढे खाणं कमी होऊन सहा किलो वजन उतरलं तेव्हा तर मास्क, सीटी सगळं परत करावं लागलं.

भरती_ओहोटी · मंगळवार, रात्री ९:१५

अवांतर पण महत्त्वाचं. तुतारी एक्सप्रेस पकडा. राजापूर रोडला थांबते, दादरला सकाळी सोडते. स्टेशन गावापासून लांब आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. हॉस्पिटल खारघरच्या बाजूचं असेल तर पनवेलला उतरा.

कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत असते, फॉर्म हॉस्पिटलातून भरून शिक्का मारून घ्यायचा. स्लीपर आणि थ्री-एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. सेकंड क्लास आणि चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के. टू-एसीत निम्मं. हे फक्त उपचाराच्या प्रवासाला, पिकनिकला नाही. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट आहेच, पण पहाटेपर्यंत त्या हायवेवर आईंचा खांदा हलवू नका, मी तरी नेणार नाही.

पोफळी · मंगळवार, रात्री ९:२२

आणि राहायचं? पुढे रोज जायचं असेल ना?

भरती_ओहोटी · मंगळवार, रात्री ९:३७

सोमवार ते शुक्रवार रोज, बहुतेक ठिकाणी. परळला असेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटची तिथे सोय होते. गर्दी असते. प्लॅनिंगच्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, नंतर नको. महात्मा फुले योजनेचं काम बाकी असेल तर आरोग्यमित्राला त्याच फेरीत गाठा. मंजुरी आल्याशिवाय पुढची तारीख अडकते.

कातळशिल्प · शनिवार, सकाळी ११:०५

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसले नाही कारण गावी आले होते.

आईला सगळं सांगितलं. हळूहळू, झिला_रे दादा. ओटीवर सुपारी कातरता कातरता. गाऊनचं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाळंतपणात काय कमी बघितलंन लोकांनी."

माजघराच्या दाराच्या चौकटीवर माझ्या मुलाची उंची दर मे महिन्यात पेन्सिलने लिहिलेली असते. आता तिच्या शेजारी आईच्या बोटांच्या खुणा. मंगळवारी संध्याकाळी त्याच्या पहिलीतल्या रेघेशी अडकली होती, आज तिसरीच्या वर आहे. तो रोज शाळेतून फोन करून विचारतो, "आजी कितवीत?"

दोन शंका. एक, ती अंगाला खोबरेल चोपडते, रोज, ५० वर्षं. चालेल? दुसरी तिची : लाईट घेतल्यावर नातवाला जवळ घ्यायचं नाही असं शेजारच्या वहिनींनी सांगितलंय.

किरणोत्सुक · शनिवार, दुपारी १२:२०

शेजारच्या वहिनींना नमस्कार सांगा. बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत, खोलीतून बाहेर पडली की मांडीवर घ्यायला मोकळी. (किरणोत्सारी आयोडिनचं औषध दिलेल्यांना वेगळे नियम असतात, बहुधा त्यातूनच ही समजूत पसरलीय.)

खोबरेल : प्लॅनिंगच्या सकाळी अजिबात नको. तेलकट कातडीवर मार्कर धरत नाही, वायर चिकटत नाही. लाईट सुरू झाल्यावर काय लावायचं ते तिथल्या नर्सला विचारून.

तिरफळ · शनिवार, दुपारी १२:४८

मार्करवरून आठवलं. गोंदणासारखे कायमचे ठिपके टोचले नाहीत आणि नुसत्या शाईवर भागवलं तर कोकणातल्या घामाने दोन दिवसांत पुसट. माझ्या एका खुणेवर पारदर्शक पट्टी लावली होती, तरी आंघोळीला पाठ भिंतीकडे करून, तांब्याने जपून पाणी घ्यायचे. पुसली तर स्वतः पेनाने गिरवू नका. माझ्या नवऱ्याने गिरवली, एक सूत वर. नशीब सांगून टाकलं.

किरणोत्सुक · शनिवार, दुपारी १:०३

एक सूत वर! आमच्या अंगावर काटा.

पाणंद · बुधवार, रात्री १०:३०

कातळताई, उद्या ना? उपाशी जायचं की नाही ते विचारलंत का?

कातळशिल्प · बुधवार, रात्री १०:३८

फोन केला. इंजेक्शनचा डाय देणार नाहीत, खाऊन या म्हणाले. डाय असता तर चार तास उपाशी आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, असं सांगितलं. शुगरच्या गोळीचंही विचारलं, नेहमीची घ्या म्हणाले. तुतारीत आहोत. आई खालच्या बर्थवर श्वास रोखून पडलीय, समोरच्या काकांना वाटलं काहीतरी झालं. टीसीला बोलावणार होते.

कातळशिल्प · शुक्रवार, रात्री ८:१५

झालं.

दहाची वेळ, साडेअकराला आत घेतलं. मला काचेपर्यंत सोडलं. हात वर जायला वेळ लागला. तिथल्या मुलीने घाई केली नाही, आधार एक खाच खाली घेतला आणि डाव्या कोपराखाली कापडाची घडी सारून बघितली. पण मग स्वतःच म्हणाली, "नको, रोज एवढीच घडी कोण घालणार," आणि काढून टाकली. तेव्हा किरणोत्सुक तुमची आठवण झाली. शेवटी घडीशिवाय बसला.

श्वास रोखायला सांगितला. पोटावर एक छोटी डबी ठेवली होती, ती वर-खाली होते ते कॅमेरा टिपतो. पहिल्यांदाच ३० सेकंद. मुलगी म्हणाली, "आजी, सोडा, सोडा आता!" आई बाहेर आल्यावर म्हणते, "माहेरच्या विहिरीत तळाची माती काढून दाखवायचो, तेव्हा कोण सोडा म्हणायला होतं?" हे मला ४० वर्षांत ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट बिनसली. कानातल्या कुड्या घरी ठेवल्या, बांगड्या ठेवल्या, मंगळसूत्र ठेवलं, आणि दंडावर बांधलेला देवीचा ताईत राहिला. दोरा ओला होऊन गाठ घट्ट. कातरीने कापावा लागला. आईचा चेहरा पडला. ताईत पर्समध्ये आहे, घरी गेल्यावर नवा दोरा.

ठिपके टोचले, तीन. सुईच्या टोकाएवढे. एक मधे, दोन कुशीला. आईच्या आजीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. लहानपणी गोंदणारीण अंगणात आली की ही माडीवर पळायची. काल शर्टाची बटणं लावताना म्हणाली, "तेव्हा सुटले, ६३ व्या वर्षी सापडले."

पुढची तारीख फोनवर कळवतील. गाडगे महाराजमध्ये नाव घातलंय.

झिला_रे · शुक्रवार, रात्री ८:२९

आवशीक माजो नमस्कार सांग. ताईताक काळो दोरो घाल, लाल नको, कुजता.

वेळणेश्वर_पायवाट · शनिवार, सकाळी ६:५०

नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. माझ्या वडिलांचं प्रोस्टेट, सोमवारी प्लॅनिंग. पाणंद दादा, अर्धा लिटर म्हणजे नक्की किती ग्लास? आमच्याकडे ग्लास लहान-मोठे आहेत.

पाणंद · शनिवार, सकाळी ७:१०

ग्लासाच्या भानगडीत पडू नका. किती प्यायचं आणि किती वेळ थांबायचं ते तुमच्या हॉस्पिटलने सांगितलेलं धरा, आमचा आकडा नको. एक लिटरची बाटली घ्या आणि तेवढ्यावर बाहेरून मार्करने रेघ मारा. प्लॅनिंगला तीच न्या, पुढे रोज तीच. आमची अजून फडताळात आहे, रेघ जरा पुसट झालीय. कुणी गुहागरकडे येणारं असेल तर पाठवून देतो.